कुलपातले गणित

मी गणिताचा मास्तर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. तेव्हा गणितावर लिहिण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारले तर मी निरुत्तर होईन. परंतु मागे एका पावसाळ्यात शाळेत एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिने मला थेट सोळाव्या शतकातल्या इटलीत नेऊन सोडले. तिकडून परत येताना जे काही हाती लागले, ते वाचकांपुढे फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो आहे.

झाले असे की, आमचे गणिताचे मास्तर रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. संगणकाच्या खोलीत कोणा एका कंपनीचे गणिते सोडवणारे सॉफ्टवेअर होते. मुलांनी समीकरण घालावे, बटण दाबावे, की क्षणात उत्तर हजर! सगळी मंडळी खूष होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, “सर, यानं उत्तर काढलं कसं?” मी म्हटले, “बघू या.” आम्ही होती नव्हती ती सगळी बटणे दाबून पाहिली. उत्तर कसे काढले ते कोठेही लिहिलेले नव्हते, आणि आतला मजकूर उघडून पाहण्याची मनाई मात्र स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती. पुढे महिनाभराने त्या सॉफ्टवेअरची मुदत संपली. पडद्यावर पैसे भरण्याची सूचना आली. तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, आता उत्तरसुद्धा नाही?”

आता इटलीकडे वळतो.

इ. स. १५१२ मध्ये फ्रेंच फौजांनी ब्रेश्शा हे शहर लुटले. जीव वाचवण्यासाठी लोक देवळात शिरले. सैनिक तेथेही आले. निकोलो नावाच्या एका बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर तलवारीचे वार झाले. जबडा आणि टाळू फाटली. बाप आधीच मेलेला, वैद्याला द्यायला पैसा नाही. आईने जखमा नुसत्या स्वच्छ ठेवून पोराला जगवले. पण त्याची वाणी अडखळती झाली ती कायमची. लोक त्याला तार्तालिया, म्हणजे ‘बोबड्या’, म्हणू लागले आणि त्याने ते नाव पुढे स्वतःच्या पुस्तकांवर छापले! मोठेपणी वण झाकायला तो दाढी राखी.

या मुलाचे शिक्षण किती म्हणाल? त्यानेच लिहून ठेवले आहे की, चौदाव्या वर्षी लिहायला शिकवण्यासाठी एक पंतोजी ठेवला. पैसे हप्त्याने द्यायचे होते. ‘के’ या अक्षरापर्यंत आले आणि पैसे संपले. पुढची अक्षरे त्याने पंतोजीचा कित्ता मिळवून आपली आपण गिरवली. त्यानंतर तो म्हणतो, मी कोणाही गुरूकडे गेलो नाही. मेलेल्या माणसांचे ग्रंथ हेच माझे गुरू.

त्या काळी बीजगणितात एक मोठा अडसर होता. वर्गसमीकरणे सुटत होती, पण घनाची सुटत नव्हती. उदाहरण घेऊ. एका संख्येचा घन आणि त्याच संख्येची सहा पट यांची बेरीज २० होते. ती संख्या कोणती? आपण अंदाजाने म्हणू, २; कारण घन ८, सहा पट १२, मिळून २०. पण अंदाज म्हणजे रीत नव्हे. २० च्या जागी २१ घातले की अंदाजाची बोबडी वळते. बोलोन्या येथील प्राध्यापक शिपिओने देल फेर्रो याला ही रीत सापडली होती. आणि त्याने काय केले, तर ती वहीत लिहून वही मिटून ठेवली. १५२६ मध्ये तो वारला. वही जावयाकडे गेली, आणि रीत आन्तोनियो फियोर या एका सामान्य बुद्धीच्या शिष्याला कळलेली होती.

असे गुपित ठेवण्याचे कारण काय? कारण अगदी घरगुती आहे, पोटाचे! विद्यापीठातली जागा कायमची नसे. कोणीही येऊन आव्हान द्यावे, भर सभेत गणिते घालावीत, आणि हरला त्याची अब्रू जावी व जागाही जावी. दुसऱ्याला न येणारी एक रीत पदरी असणे म्हणजे म्हातारपणाची तरतूद. आज आपण विम्याचे कागद कपाटात ठेवतो, तसा तो प्राध्यापक समीकरण कपाटात ठेवी.

१५३५ मध्ये या फियोरने तार्तालियाला आव्हान दिले. दोघांनी एकमेकांना तीस-तीस गणिते घालायची. हरणाऱ्याने तीस मेजवान्या द्यायच्या. फियोरपाशी एकच किल्ली होती, म्हणून त्याची तिसही गणिते त्याच एका कुलपाची. तार्तालियाला तो प्रकार येत नव्हता. पण असा काही उपाय आहे एवढे कानावर आल्यावर तो इरेस पेटला, आणि मुदतीच्या आठ दिवस आधी, १२ फेब्रुवारीच्या रात्री, त्याने रीत स्वतः शोधून काढली. मग फियोरची सगळी गणिते दोन तासांच्या आत सोडवली. मेजवान्या मात्र त्याने सोडून दिल्या; जिंकल्याचा मान पुरे म्हणाला.

येथवर ही गोष्ट एखाद्या कादंबरीसारखी आहे, आणि कादंबरीकार म्हणून मी ती येथेच संपवली असती. पण इतिहासाला प्रकाशकाची भीती नसते. ज्याने एकेक अक्षर हिसकावून घेतले, ज्याला कोणी रीत सांगितली नाही म्हणून रात्र रात्र जागावे लागले, त्या तार्तालियाने रीत सापडताच काय करावे? त्यानेही ती लपवली!

मिलान येथे कार्दानो नावाचा वैद्य होता. ज्योतिषी, जुगारी आणि गणिती असा एकात तीन. त्याने पत्रे धाडली, आर्जवे केली, सरदाराच्या ओळखीचे आमिष दाखवले. शेवटी २५ मार्च १५३९ रोजी, ही रीत मी कधीही प्रसिद्ध करणार नाही, अशी गॉस्पेलची शपथ त्याच्याकडून घेऊन तार्तालियाने रीत सांगितली. तीही सरळ नव्हे, तर एका कवितेत गुंडाळून. पुढे १५४३ मध्ये कार्दानो आपल्या फेर्रारी या शिष्यासह बोलोन्याला गेला. तेथे देल फेर्रोच्या जावयाने ती जुनी वही त्यांना दाखवली. रीत तार्तालियाच्याही आधीची निघाली. कार्दानोने मनाशी ठरवले की आपण शपथेतून सुटलो, आणि १५४५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे ‘आर्स मॅग्ना’ हा ग्रंथ छापला. रीत जगजाहीर झाली. माझे २० चे उदाहरण त्याच ग्रंथातले. रीतीने जावे तर आधी १०८ चे वर्गमूळ काढायचे. त्यात १० मिळवून घनमूळ, त्यातून १० वजा करून घनमूळ. आणि पहिल्यातून दुसरे वजा केले की बरोबर २ उरतात. ज्यांच्या घरी गणिताची आवड असलेली मुले आहेत त्यांनी फराळानंतर हे करून पाहावे. १०८ च्या वर्गमुळाच्या त्या जंगलातून सरळसाधे २ बाहेर येताना पाहून मी तर हातातली लेखणी खाली ठेवली होती.

कार्दानोने ग्रंथात देल फेर्रो आणि तार्तालिया या दोघांचेही नाव दिले होते. तरी तार्तालियाचा संताप विझला नाही. १५४६ मध्ये त्याने सगळी हकीकत छापून कार्दानोला शपथमोडा ठरवले. १५४८ च्या ऑगस्टात मिलान येथे फेर्रारीशी जाहीर वाद झाला. पहिल्या दिवशीच रंग ओळखून तार्तालिया गाव सोडून निघून गेला. त्याच सुमारास ब्रेश्शात मिळालेल्या नोकरीचा पगारही त्याला मिळाला नाही. १५५७ मध्ये तो व्हेनिसमध्ये दारिद्र्यात वारला.

मला या माणसाचा राग येत नाही. कीवही येत नाही. पण एका गोष्टीचे नवल वाटते. याच तार्तालियाने १५४३ मध्ये युक्लिडची भूमिती लॅटिनमधून इटालियन भाषेत आणली. युरोपातल्या कोणत्याही चालत्या-बोलत्या भाषेतले ते पहिले छापील युक्लिड. लॅटिन न जाणणाऱ्या सुतार-गवंड्याला भूमिती खुली करून देणारा हात आणि घनाची रीत मुठीत आवळून धरणारा हात एकाच माणसाचे. तसे पाहिले तर आपल्यापैकी कोण निराळा आहे?

आणि हे सारे परदेशातच घडते, अशी समजूतही आपण करून घेऊ नये. विद्या कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, याच्या भिंती आपण जितक्या उंच बांधल्या तितक्या इटलीने खास बांधल्या नसतील. परंतु भिंतीतही कोठे कोठे खिडक्या होत्या. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे या गावी एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ मधला, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापला, त्याची ही नोंद. शिलालेखाचा शेवटचा भाग त्या वेळच्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातून मठाला काय मिळावे ते लिहिले आहे. घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा! म्हणजे ‘सिद्धांतशिरोमणी’ शिकवण्याचा खर्च तेल्यानेही सोसला. भास्कराचार्यांनी नियम श्लोकांत बांधले हे खरे. पण श्लोक पाठांतरासाठी, लपवण्यासाठी नव्हे. ग्रहगणितातले नियम का खरे, ते सांगायला त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले. तार्तालियाच्या कवितेत आणि त्यांच्या श्लोकात फरक आहे तो एवढाच, पण केवढा!

आता माझा विद्यार्थी विचारील, रीत ठाऊक नसली तर बिघडले काय? उत्तर तर मिळते ना? या प्रश्नाला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. कारण रामानुजन आडवे येतात. रामानुजन मॅट्रिक झाले. हिंदुस्थानात त्यापुढची परीक्षा त्यांना कधी पास होता आली नाही. (हे वाक्य मी किती आनंदाने लिहिले, ते वाचकांनी ओळखले असेलच, साम्य मात्र येथेच संपते.) सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीवाल्याचे पुस्तक पडले. परीक्षेच्या तयारीसाठी केलेले. हजारो सिद्धांत नंबर घालून मांडलेले, आणि सिद्धता बहुधा नाहीच, किंवा ओळभर. म्हणजे नुसती उत्तरे! आणि त्याच पुस्तकाने रामानुजन घडले. जे पुस्तकाने सांगितले नाही ते त्यांनी पाटीवर करून पाहिले. कागद परवडत नव्हता.

मग बंद पेटीनेही माणूस शिकतो, असे म्हणायचे का? थोडा विचार केला तेव्हा मला फरक दिसला. कारच्या पुस्तकात सिद्धता नव्हती, पण ती लपवलेलीही नव्हती. प्रत्येक सिद्धांत पाटीवर उतरवून तपासायला मोकळीक होती, आणि जे तपासायचे ते कागदावर पुरते मांडलेले होते. शिवाय त्या पुस्तकाने रामानुजन यांना एक उणीवही दिली. तेही उत्तरेच लिहीत, रीत लिहीत नसत. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र धाडले तेव्हा हार्डींनी उलट टपाली सिद्धता मागितल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांच्या वह्या १९५७ मध्ये जशाच्या तशा छापल्या. आणि त्यांतले एकेक विधान सिद्धतेसह मांडून पुरे करायला ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणित्याला १९८५ ते १९९८ पर्यंत पाच खंड लागले. एका माणसाने रीत लिहिली नाही, तर दुसऱ्याच्या उमेदीची वर्षे त्यात जातात.

दुसरे उदाहरण आमच्या पेशातले, म्हणून मला अधिक जवळचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते १९३० पासून १९६२ पर्यंत मास्तर होते. बी.एस्‌सी. झालेले, त्यापुढे शिकले ते आपले आपण. शाळा सुटल्यावर आकड्यांशी खेळावे, काही सापडले तर स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापावी. विद्वान मंडळी त्यांना फारसे मोजत नसत. १९४९ साली त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ या संख्येची गंमत सांगितली. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. पेन्सिल आणि कागद एवढेच त्यांचे यंत्र. त्याची मुदत कधी संपली नाही.

आता संगणकाकडे येतो. क्लीव्ह मोलर नावाचे न्यू मेक्सिको विद्यापीठातले प्राध्यापक. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न शिकता मोठमोठी कोष्टकी गणिते करता यावीत म्हणून त्यांनी ‘मॅटलॅब’ रचले, आणि मागेल त्याला फुकट दिले. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली. १९८८ मध्ये ‘मॅथेमॅटिका’ विकायला आले. दोन्ही वस्तू कर्तबगारीच्या आहेत. त्यांनी शास्त्रज्ञांचे अपार कष्ट वाचवले. मीही माझी कादंबरी फुकट वाटत नाही. तेव्हा त्यांनी पैसे घेतले याबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलू? पण माझी कादंबरी विकत घेणाऱ्याला सगळी पाने वाचता येतात. यांच्या पोटात गणित कसे केले जाते, ती पाने बव्हंशी मिटलेली असतात.

त्याने काय होते, याची एक हकीकत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’ या मासिकात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. दुरान, पेरेस आणि वारोना हे तीन स्पॅनिश गणिती एका सिद्धांतासाठी ‘मॅथेमॅटिका’वर निश्चयक काढत होते. आपल्या तर्काला बाध येईल असे उत्तर आले. आधी त्यांनी आपल्याच गणितात चूक शोधली. पुष्कळ दिवस शोधली. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरवर पाहिले तर उत्तर निराळे. शेवटी ध्यानात आले की, पूर्णांकांचे तेच निश्चयक पुन्हा काढायला सांगितले तर यंत्र दर खेपेला वेगळे उत्तर देते! चूक कंपनीला कळवली. पण चूक नेमकी कोठे आहे, हे स्वतः उघडून पाहण्याची सोय त्यांना नव्हती. ते गणिती असूनही नव्हती. माझ्या मागच्या बाकावरच्या पोराची आणि त्यांची अवस्था एकच.

आणि मुदतीचे म्हणाल, तर २०२० च्या जूनमध्ये चीनमधील हार्बिन येथील दोन विद्यापीठांना अमेरिकन सरकारच्या निर्बंधांमुळे ‘मॅटलॅब’ वापरणे बंद झाले. चूक कोणाची, हा राजकारणाचा वाद आपण सोडून देऊ. पण पायथागोरसचा सिद्धांत कोणी असा परत घेतल्याचे ऐकिवात आहे का?

जर्मनीत आखेन येथील प्राध्यापक नॉयब्युझर यांनी हाच मुद्दा १९९३ मध्ये मांडला होता. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, ग्रंथालयात जाऊन सिलो याचा सिद्धांत सिद्धतेसह वाचावा आणि जन्मभर विनामूल्य वापरावा, अशी गणितात रूढी आहे. मग यंत्राने केलेल्या गणितालाच निराळा न्याय का? त्यांनी १९८६ पासून उभारलेले ‘गॅप’ हे सॉफ्टवेअर सर्वांना उघडे ठेवले. विल्यम स्टाइन या तरुण अमेरिकन गणित्याने २००५ मध्ये ‘सेज’ सुरू केले, तेही असेच. पण मला सगळ्यांत भावला तो डोनाल्ड कनूथ. १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाची मुद्रिते त्याला इतकी कुरूप वाटली की, लेखन बाजूला ठेवून तो गणिताचे छापकाम करणारे ‘टेख’ रचायला बसला. मुद्रितांवर चिडणारे लेखक मी पुष्कळ पाहिले आहेत, मीही त्यांतलाच. पण छापखानाच नवा रचणारा हा एकच! त्याने ‘टेख’चा सगळा मजकूर स्पष्टीकरणासह पुस्तकरूपाने १९८६ मध्ये छापला, आणि जो कोणी त्यात चूक दाखवील त्याला धनादेश देऊ केला. पुष्कळांनी ते धनादेश वटवलेच नाहीत. चौकटी करून भिंतीवर लावले.

आमच्या शाळेत पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. मुदत संपलेल्या यंत्रावर आम्ही ‘पायथन’ ही विनामूल्य भाषा बसवली. मुंबईच्या आयआयटीने असल्या खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजातही तयार केले आहेत. ते ऐकत तो मुलगा आणि मी शिकलो. तो पुढे, मी चार पावले मागे. एके दिवशी मी त्याला कापरेकरांचे जन्मवर्ष फळ्यावर घालून दिले, १९०५. त्याने खडूने मांडायला सुरुवात केली. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४! सगळा वर्ग ओरडला. मग तो यंत्रापाशी बसला आणि पंधरा-वीस ओळी लिहून त्याने चार अंकी संख्या साऱ्या तपासल्या. सातच्या पुढे एकही गेली नाही. त्या ओळी त्याने वहीत उतरवून मला आणून दिल्या. एके ठिकाणी चूक होती, ती त्याच्या शेजारच्या मुलीने दाखवली.

सातच का, आठ का नाही, हे मात्र त्या ओळींत नाही. ते तो सध्या कागदावर शोधतो आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडा टाकून.